फोटोतलं उडालेलं पांढरं परत कसं आणावं?

दिवे घाटातला एक फोटो समोर धरू. माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे निघाली आहे. दुपारची वेळ, आभाळ ढगाळ पण उजेड डोळे दिपवणारा. चौकटीत एक वृद्ध वारकरी आहेत: पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, गळ्यात टाळ, खांद्यावर भगवी पताका. चेहरा सुरेख आला आहे, कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळा आणि बुक्काही दिसतो. पण टोपी आणि उजवा खांदा नुसता पांढरा झाला आहे. शिवण दिसत नाही, चुणी दिसत नाही. मागचं आभाळ तर कोरंच.

असे फोटो प्रत्येकाच्या संग्रहात असतात, वारीतले, लग्नातले, गडावरचे. फोटो काढणारी मंडळी म्हणतात, ‘फोटो ओव्हर झाला’, ‘हायलाइट उडाले’. हायलाइट म्हणजे फोटोतला सर्वांत उजळ भाग. तो परत आणता येतो का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कधी जवळजवळ सगळा येतो, कधी थोडा, कधी काहीच नाही. आपला फोटो कुठल्या गटातला आहे हे आधी ओळखलं, तर तासन्‌तास स्लायडर ओढत बसण्याची वेळ येत नाही. म्हणून दुरुस्तीच्या आधी तपासणी, आणि तपासणीच्या आधी हे घडतं कसं ते थोडक्यात.

पांढरं उडतं म्हणजे काय होतं?

कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये प्रकाश टिपणारी चिप असते, ती सेन्सर. तिच्यावर कोट्यवधी बारीक घरं असतात आणि प्रकाश पडेल तसा प्रत्येक घरात विद्युतभार साठतो. प्रत्येक घराची क्षमता ठरलेली असते. ती संपली की पुढे पडणारा प्रकाश मोजलाच जात नाही. पर्जन्यमापक भरून वाहू लागला की किमान किती पाऊस झाला एवढंच सांगता येतं, नेमका किती ते नाही, तसंच हे. टोपीची शिवण आणि शेजारचं कापड, दोन्ही जागची घरं भरली की दोन्हींचा आकडा एकच येतो आणि शिवण नाहीशी होते. आकडे असे वरच्या टोकाला छाटले जाण्याला क्लिपिंग म्हणतात.

यात आणखी एक बारकावा आहे आणि पुढची निम्मी दुरुस्ती त्यावरच अवलंबून आहे. ही घरं रंगांनुसार वाटलेली असतात. कोडॅकमधले शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या मांडणीचं पेटंट मिळालं, तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: दर चार घरांत दोन हिरव्या रंगाची, एक लाल, एक निळं. हे तीन रंग एकाच वेळी भरत नाहीत. दिवसाच्या उजेडात पांढऱ्या वस्तूवर बहुधा हिरवा आधी भरतो, लाल-निळ्यात तेव्हा अजून जागा असते.

म्हणजे उजळ भाग तीन अवस्थांत सापडतो. पहिली, भाग खूप उजळ आहे पण तिन्ही रंगांचे आकडे शाबूत आहेत. दुसरी, एक किंवा दोन रंग छाटले गेले आहेत, एखादा शिल्लक आहे. तिसरी, तिन्ही गेले. पहिल्या अवस्थेत काम सोपं असतं. दुसरीत सॉफ्टवेअर उरलेल्या रंगावरून अंदाज बांधू शकतं. तिसरीत परत आणण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तिथे जे काही कराल ते नव्यानं भरणं असतं.

तपासणी

आधी मूळ फाइलची प्रत करून घ्या आणि काम प्रतीवरच करा. फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर इथेच थांबून पाठवणाऱ्याकडे तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागा. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो वाटेत दाबून लहान केला जातो, आणि ढगांमधले हलके फरक त्यात आधी जातात.

फाइल कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. जेपेग असेल तर प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मिळतात. कॅमेऱ्यानं फोटो ‘तयार’ करून, नको वाटलेली माहिती टाकून देऊन ही फाइल बनवलेली असते. रॉ म्हणजे सेन्सरनं मोजलेले आकडे, न शिजवलेले. बारा बिटांच्या रॉ फाइलीत ४०९६ पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या फाइलीत १६,३८४. कॅननच्या सीआर२ आणि सीआर३, निकॉनच्या एनईएफ, सोनीच्या एआरडब्ल्यू आणि अनेक मोबाइलमधल्या डीएनजी या रॉ फाइली. जेपेगमध्ये जिथे सगळं पांढरं झालं, तिथे त्याच फोटोच्या रॉमध्ये बरेचदा साधारण एक स्टॉपएवढी माहिती शिल्लक सापडते. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आपल्या फोटोतल्या आजोबांच्या खांद्यावरची चुणी वाचायला तेवढं पुष्कळदा पुरतं.

आता फोटो संगणकावर उघडा आणि हिस्टोग्राम पाहा. हा उजेडाचा आलेख आहे: डाव्या टोकाला काळं, उजव्या टोकाला पांढरं, आणि जिथे आलेख उंच तिथे तेवढ्या उजेडाचे बिंदू जास्त. उजव्या भिंतीला चिकटून उभी रेघ दिसली की तेवढे बिंदू छाटले गेले आहेत. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरच्या हिस्टोग्रामवर मात्र पूर्ण विसंबू नका. आपण रॉ काढत असलो तरी तो आलेख कॅमेऱ्यानं आतल्या आत बनवलेल्या जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो कांगावा जास्त करतो. कॅमेऱ्यावर लुकलुकणारं आभाळ पाहून फोटो तिथल्या तिथे पुसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातले किती फोटो वाचण्यासारखे होते या विचारानं हळहळ वाटते.

त्यानंतर छाटणीची सूचना चालू करा. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये डेव्हलप विभागात ‘जे’ दाबलं की गेलेला भाग लाल दिसतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्येही अशी खूण आहे. कर्सर टोपीवर नेऊन आकडे वाचा. टोपीच्या माथ्यावर २५५, २५५, २५५ आणि खांद्यावर २५२, २४९, २४३ असं दिसलं तर माथा तिसऱ्या अवस्थेत असण्याची शक्यता आहे आणि खांदा पहिल्या. (लाइटरूम हेच आकडे टक्क्यांत दाखवतं.)

इथे एक फसगत होते. आकडा २५५ पेक्षा कमी आहे म्हणजे तपशील आहे, असं नाही. कुणी आधीच फोटो खाली ओढून पुन्हा साठवला असेल, तर सगळी टोपी २३८ वर सपाट असू शकते. कर्सर इकडेतिकडे फिरवा. आकडे बदलत असतील तर तिथे कापड आहे. एकच आकडा हटत नसेल तर तिथे काही नाही.

सर्वांत खात्रीची चाचणी साधी आहे. एक्स्पोजर, म्हणजे फोटोच्या एकूण उजेडाचा स्लायडर, उणे दोन किंवा तीनपर्यंत ओढा. फोटो काळवंडेल, ते मनावर घेऊ नका. ज्या पांढऱ्यात चुण्या, ढगांच्या कडा दिसू लागल्या तो भाग जिवंत आहे. जो भाग सपाट राखाडी झाला तो गेला. कागदावर लिहून ठेवा: टोपीचा माथा गेला, खांदा जिवंत, आभाळ निम्मं जिवंत. मग स्लायडर शून्यावर आणा. पुढचं काम या नोंदीप्रमाणे करायचं.

रॉ फाइल असेल तर

पहिलं पाऊल व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडाची निळसर-पिवळसर झाक काढून पांढरं पांढरं दिसेल असं करण्याचं. हे आधी करायचं कारण असं, की त्यात लाल आणि निळ्या रंगांना गुणून वाढवलं जातं. नंतर केलंत तर आधी सावरलेला रंग पुन्हा टोकाला जाऊन आपटू शकतो.

दुसरं, एक्स्पोजर थोडंच खाली. अर्धा स्टॉप, फार तर पाऊण. एक्स्पोजर चेहऱ्यालाही काळोखात नेतं, म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकायचा नाही.

तिसरं, हायलाइट्सचा स्लायडर डावीकडे. तो मुख्यतः उजळ भागाला हात लावतो, चेहऱ्याला फारसा नाही. उणे चाळीसपासून सुरुवात करून वीस-वीसनं खाली जा आणि प्रत्येक वेळी खांद्याकडे बघा. बहुतेक जण तो सरळ उणे शंभरवर नेऊन ठेवतात. त्यानं ढग मळकट होतात, सदरा धुतलेला न वाटता धुळीत पडलेला वाटतो. वारकऱ्याचा पांढरा सदरा पांढराच दिसला पाहिजे. त्यात चुण्या दिसाव्यात एवढंच आपल्याला हवं आहे.

चौथं, व्हाइट्स. फोटोतलं सर्वांत पांढरं टोक कुठे असावं ते हा स्लायडर ठरवतो. विंडोजवर ऑल्ट, मॅकवर ऑप्शन दाबून धरून तो हलवा: पडदा काळा होईल आणि फक्त छाटलेले बिंदू चमकतील. ते तुरळक उरेपर्यंत खाली आणा. हायलाइट्स खाली ओढल्यावर व्हाइट्स किंचित वर नेले तर बऱ्याच फोटोंत पांढऱ्याचा ताजेपणा परत येतो. दोन्ही एकमेकांच्या उलट हलवावे लागतात हे सुरुवातीला विचित्र वाटतं, पण डोळ्यांनी खात्री करून घ्या. कापडाच्या उजळ भागात आकडे साधारण २३५ ते २४५ च्या दरम्यान खेळत असले आणि त्यात फरक दिसत असला, की टोपी-सदरा ठीक झाला समजा.

गुलाबी ढग आणि त्यांचं कारण

एक्स्पोजर खाली आणल्यावर कधीकधी आभाळ किंवा टोपीचा माथा एकदम गुलाबी-जांभळा होतो. कॅमेरा बिघडला असं वाटून लोक घाबरतात. प्रत्यक्षात हिरवा रंग आधी भरून थांबला होता, आणि लाल-निळे शाबूत असून व्हाइट बॅलन्समुळे गुणून मोठे झाले. हिरवा मागे पडला. लाल आणि निळा मिळून गुलाबी-जांभळा होतो. म्हणजे हा डाग चांगली बातमीही आहे: भाग दुसऱ्या अवस्थेत आहे, दोन रंग जिवंत आहेत.

रंगाचा स्लायडर ओढून हा गुलाबी मारायला गेलात तर चेहरा हिरवा पडेल. त्याचा खरा इलाज हायलाइट रिकन्स्ट्रक्शन हा आहे, म्हणजे उरलेल्या रंगांवरून आणि शेजारच्या बिंदूंवरून हरवलेल्या रंगाचा अंदाज बांधणं. डार्कटेबलमध्ये याच नावाचं मॉड्यूल आहे. त्यात ‘इनपेंट अपोज्ड’ ही पद्धत आधी वापरून पाहा, बहुतेक फोटोंना ती पुरते. आभाळाचे मोठे तुकडे अजून डागाळलेले राहिले तर त्याच यादीतल्या ‘सेगमेंटेशन बेस्ड’ आणि ‘गाइडेड लाप्लासियन्स’ या पद्धती आहेत. शेवटची जुन्या संगणकाला फार घाम फोडते. रॉथेरपीत एक्स्पोजर विभागात हायलाइट रिकन्स्ट्रक्शनच्या चौकोनात खूण करावी लागते आणि खाली पद्धत निवडता येते. लाइटरूम हे काम न सांगता आपोआप करतं, तिथे वेगळं बटण शोधत बसू नका.

पताका: पांढरं न होता जळलेला रंग

याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, म्हणून थोडं थांबतो. आपल्या फोटोतली भगवी पताका पांढरी झालेली नाही, तरी ती कापडाऐवजी रंगीत कागद चिकटवल्यासारखी दिसते. वाऱ्यानं पडलेल्या घड्या कुठे गेल्या? आकडे वाचले तर लाल २५५, हिरवा १२० च्या आसपास, निळा २० असं काहीसं दिसेल. फक्त लाल छाटला गेला आहे. एकूण उजेडाचा हिस्टोग्राम हे लपवतो. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख पाहिले तरच कळतं. झेंडूचे हार, कुंकू, लाल पैठणी, हळदीचा कार्यक्रम, या सगळ्या फोटोंत हाच घोटाळा असतो.

इथे हायलाइट्सचा स्लायडर फारसं काही करत नाही. आधी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, कमी करा. बरेचदा तो कॅमेऱ्यातल्या ‘व्हिव्हिड’सारख्या सेटिंगमुळे किंवा आपणच आधी वाढवल्यामुळे टोकाला गेलेला असतो. मग रंगानुसार बदल करण्याच्या विभागात जाऊन केशरी आणि लाल या रंगांची ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, खाली आणा. हिरव्या रंगाच्या आकड्यांत घड्या अजून शाबूत असतात, त्यामुळे त्या पुन्हा वर येतात. चेहऱ्याच्या कातडीतही केशरी असतो हे विसरू नका. चेहरा काळवंडू लागला तर हाच बदल फक्त पताकेपुरता करा, आणि तो कसा करायचा ते आता पाहू.

एकेका भागावर काम

सगळ्या फोटोला एकच औषध लागू पडत नाही. म्हणून मास्क वापरायचा, म्हणजे बदल कुठे लागू व्हावा आणि कुठे नाही हे ठरवणारी निवड. लाइटरूममध्ये ‘सिलेक्ट स्काय’ म्हटलं की आभाळ आपोआप निवडलं जातं. ब्रशनं खांदा रंगवून निवडता येतो. ल्युमिनन्स रेंजनं ठरावीक उजेडाच्या वरचे बिंदू तेवढे धरता येतात. आभाळाला हायलाइट्स अजून थोडे खाली, टोपीला वेगळे, पताकेला वेगळे.

इथे सर्वांत जास्त बिघडतं ते कडांवर. आभाळ गडद केलं आणि टोपीभोवती पांढरी तेजोवलयं उमटली की फोटो लगेच खोटा दिसतो. मास्कची कड मऊ ठेवा, म्हणजे फेदर वाढवा, आणि शंभर टक्के मोठं करून टोपीची कड, पताकेची काठी, दूरच्या डोंगराची रेघ तपासा. वलय दिसलं तर मास्क बदलत बसण्याआधी बदलाचं प्रमाणच निम्मं करून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

डीहेझ आणि क्लॅरिटी हे दोन स्लायडर ढगांना उठाव देतात म्हणून मोह होतो. ढगांना दहा-पंधरा द्या, त्याहून पुढे नको. आषाढातले ढग मऊच असतात.

शेवटी चेहऱ्याकडे या. एक्स्पोजर खाली आणल्यामुळे तो जरा काळवंडला असेल, तर शॅडोज, म्हणजे गडद भागाचा स्लायडर, किंचित वर न्या.

जेपेगच हाती असेल तर

वारीतले बहुतेक फोटो मोबाइलवर काढलेले जेपेगच असतात. त्यावर लाइटरूमचेच स्लायडर चालतात, पण हात आखडता ठेवावा लागतो. आकडे कमी असल्यामुळे आभाळात पट्टे उमटतात (याला बँडिंग म्हणतात), आणि जेपेग फोटोला आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनांत साठवत असल्यामुळे जास्त ताणलं की ते चौकोन ढगांत दिसू लागतात. पट्टे दिसले की मागे या.

गिंप या मोफत सॉफ्टवेअरमधली एक जुनी पद्धत मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते. फोटो उघडा, लेयरची म्हणजे थराची प्रत करा. वरच्या थराचा मोड ‘मल्टिप्लाय’ निवडा. सगळा फोटो गडद होईल. आता त्या थराला मास्क जोडा आणि पर्यायांतून ‘ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर’ घ्या. आता बदल उजळ भागात जास्त आणि गडद भागात कमी लागू होतो. मास्कवर थोडा गॉशियन ब्लर, म्हणजे धूसरपणा, द्या, आणि शेवटी थराची अपारदर्शकता, म्हणजे ओपॅसिटी, कमी करत योग्य जागी थांबवा.

यात काय होतं ते आकड्यांत बघू. मल्टिप्लाय प्रत्येक आकडा त्याच आकड्यानं गुणून २५५ नं भागतो. २४० चे साधारण २२६ होतात, २५० चे २४५. म्हणजे चुणी आणि तिच्या शेजारचं कापड यांच्यात आधी दहाचा फरक होता, तो एकोणीस झाला, आणि चुणी डोळ्यांना दिसू लागली. आणि २५५? त्याचे २५५ च राहतात. गेलेला भाग या पद्धतीत राखाडी होत नाही, पांढराच राहतो. म्हणूनच ती मला प्रामाणिक वाटते.

मोबाइलवरच काम करायचं असेल तर स्नॅपसीडमध्ये ‘ट्यून इमेज’ उघडून हायलाइट्स खाली आणा, आणि ‘सिलेक्टिव्ह’नं खांद्यावर ठिपका ठेवून दोन बोटांनी त्याचा आवाका लहान-मोठा करून फक्त तिथला उजेड कमी करा. त्यातल्या एचडीआर स्केप या फिल्टरपासून मात्र दूर राहा. कातडीचा पोत त्यात भयंकर होतो.

जिथे काहीच उरलेलं नाही

टोपीचा माथा तिसऱ्या अवस्थेत आहे असं आपण लिहून ठेवलं होतं. तो खाली ओढला तर सपाट राखाडी डाग होईल. पांढऱ्या डागापेक्षा राखाडी डाग वाईट दिसतो, हे माझं ठाम मत आहे. पांढरा भाग डोळा ‘ऊन’ म्हणून स्वीकारतो; राखाडी त्याला खटकतो.

लहान तुकडा असेल तर शेजारचं कापड उचलून तिथे बसवता येतं. गिंपमध्ये क्लोन किंवा हील हत्यार घ्या, मऊ ब्रश, ओपॅसिटी तीस टक्क्यांच्या आसपास, आणि नव्या थरावर काम करा. विणीची दिशा आणि उजेडाची बाजू जुळली पाहिजे. कपाळावर घामाचा चमकदार ठिपका असेल तर नवा थर घेऊन शेजारच्या कातडीचा रंग अगदी हलक्या हातानं फिरवा. ठिपका पूर्ण पुसू नका, नाहीतर कपाळ प्लास्टिकचं दिसेल.

आभाळ मोठं असतं, त्याचा प्रश्न वेगळा. त्याच जागी, त्याच वेळी कमी एक्स्पोजरनं काढलेला दुसरा फोटो आपल्याकडे असेल तर त्यातलं आभाळ जोडता येतं. ही युक्ती संगणकाहून फार जुनी आहे. फ्रान्समधले गुस्ताव ल ग्रे १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो घ्यायचे, तेव्हाच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्यामुळे आभाळ जळून जायचं. म्हणून त्यांनी काही चित्रांत समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकत्र छापल्या. आज हेच काम एका रॉ फाइलीवरूनही होतं: एकदा आभाळासाठी गडद, एकदा चेहऱ्यासाठी उजळ अशा दोन प्रती काढायच्या आणि गिंपमध्ये एकावर एक ठेवून मास्कनं जोडायच्या.

सॉफ्टवेअरच्या साठ्यातलं किंवा एआयनं रचलेलं आभाळ टाकणं ही मात्र निराळी गोष्ट आहे. ते तिथे नव्हतंच. घरच्या भिंतीवर लावायचा फोटो असेल तर तो आपला प्रश्न. बातमीसाठी किंवा छायाचित्र स्पर्धेसाठी पाठवत असाल तर करू नका. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धांत चित्रात भर घालणं किंवा काही काढून टाकणं चालत नाही. आणि वारीसारख्या प्रसंगाच्या नोंदीत कोरं आभाळ राहिलं तरी चालेल, खोटं नको.

काही पांढरं तर सोडूनच द्यायचं असतं. टाळाच्या काठावरचा चमकता बिंदू, पाण्यावरचं ऊन, दिव्याची ज्योत, खुद्द सूर्य. तिथे डोळ्यालाही तपशील दिसत नाही. टाळावरची चमक मारली तर पितळ मातीचं दिसतं.

छापण्याआधी

काम झालं की अर्ध्या तासानं पुन्हा पाहा. पडद्याचा उजेड मध्यम ठेवा आणि नाइट मोडसारखी पिवळसर सेटिंग बंद करा, नाहीतर आपण पडद्याचाच दोष फोटोत दुरुस्त करत बसतो. मूळ आणि दुरुस्त फोटो शेजारी ठेवा. दुरुस्तीकडेच नजर जात असेल तर सगळे बदल थोडे मागे घ्या.

लॅबमध्ये छापायला देणार असाल तर एक ध्यानात ठेवा: २५५ म्हणजे शाई नाही, नुसता कागद. पडद्यावर खपून गेलेलं कोरं आभाळ अल्बमच्या पानावर भोक पडल्यागत दिसू शकतं. कपडे आणि ढग २४५ च्या आत ठेवले की छपाईत थोडा रंग पकडला जातो. आधी लहान आकारात एक प्रत काढून बघा.

पुढच्या वेळी

पांढरे कपडे आणि ढगाळ आभाळ समोर असलं की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश ते उणे एकवर ठेवा. मोबाइलवर उजळ भागावर बोट टेकवून शेजारचा सूर्याचा स्लायडर खाली ओढा. चेहरा जरा गडद आला तर चालतो. सावलीतला तपशील नंतर थोड्याशा खरबरीतपणाच्या मोबदल्यात वर आणता येतो, उडालेलं पांढरं येत नाही. कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग दोन्ही साठवण्याची सोय असते, ती चालू करा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात रॉ नसेल तर लाइटरूमच्या मोबाइल ॲपमधला कॅमेरा अनेक फोनवर डीएनजी साठवतो.

आणि मूळ फाइली पुसू नका. २०१२ साली लाइटरूमच्या चौथ्या आवृत्तीत उजेड सावरण्याची पद्धतच बदलली, जुना ‘रिकव्हरी’ स्लायडर जाऊन हायलाइट्स आणि व्हाइट्स आले. त्याआधी काढलेल्या रॉ फाइली नव्या पद्धतीनं उघडल्यावर ढग पूर्वीपेक्षा चांगले सावरता येऊ लागले. ज्यांनी फक्त तयार जेपेग ठेवून रॉ पुसून टाकल्या होत्या, त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.